पूर्वेकडच्या गॅलरीतून ढग पाहताना वहीत काय लिहावे?

पूर्वेची गॅलरी (पुणे), १४ मे, रात्री ९.२०

सर्वांना नमस्कार. प्रश्न साधा आहे, पण त्याची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमचे घर पुण्याच्या पूर्व भागात सहाव्या मजल्यावर आहे आणि घराची एकुलती एक गॅलरी पूर्वेकडे उघडते. घर घेतले तेव्हा इथून सूर्यास्त कधीच दिसणार नाही याची मला हळहळ वाटली होती. गेल्या फेब्रुवारीत सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून त्यांचा बहुतेक दिवस पलंगावरच जातो. तो पलंग आम्ही आतल्या खोलीतून काढून गॅलरीच्या दाराशी आणला. वय एक्याऐंशी, सारे आयुष्य शिरूर तालुक्यातल्या शेतावर गेलेले; टीव्हीची त्यांना गोडी नाही आणि बारीक अक्षर आता दिसत नाही. दुपारचा चहा झाला की त्या आभाळाकडे पाहत पडून राहतात. सुरुवातीला मी त्यांना सोबत म्हणून शेजारी खुर्ची टाकून बसत असे. आता महिना झाला, मी माझ्यासाठीच बसते आणि साडेचार कधी वाजतात याची सकाळपासून वाट पाहते.

या दिवसांत आम्हाला रोज एकच गोष्ट दिसते आणि तरी ती रोज निराळी असते. दुपारी समोरच्या गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांमागून एक पांढरा ढग डोके काढतो. त्याच्या कडा फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या टणक दिसतात. नजर रोखून पाहिले तर तो जागचा हलत नाही असे वाटते, पण चहाचे कप विसळून परत येईपर्यंत त्याला वर आणखी एक गड्डा फुटलेला असतो. सहाच्या सुमारास त्याचा माथा वर वाढायचा थांबतो आणि आडवा पसरू लागतो. सर्वांत नवल वाटते ते सातनंतर. खाली रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात, गॅलरीत अंधारून आलेले असते आणि त्या ढगाचा माथा मात्र अजून लख्ख केशरी उन्हात असतो. कधी कधी आठनंतर त्याच जागी आतल्या आत वीज चमकते, पण आवाज मुळीच येत नाही.

हे सगळे कुठेतरी टिपून ठेवावे म्हणून मी एक वही केली. चार दिवसांच्या नोंदी आज वाचून पाहिल्या, तर त्यांत ‘थोडे ढगाळ’, ‘ढगाळ’, ‘आज ढग फार सुंदर’ आणि पुन्हा ‘थोडे ढगाळ’ एवढेच निघाले. मी पाहिलेले त्यात काहीच उतरलेले नाही. सासूबाईंकडे माझ्यापेक्षा पुष्कळ शब्द आहेत. दिवसभर जागचे न हलणारे, उन्हाचे तेज खाऊन टाकणारे ते मळभ. ऐन दुपारी एकाएकी अंधारून येते तो झाकोळ. पाऊस येवो न येवो, ढग जमू लागले की ‘आभूट आलंय’. हे शब्द लिहून घेतले आहेत, पण नेमके पाहायचे कशाकडे आणि लिहायचे काय, हे मला कुणी शिकवलेले नाही. तो संध्याकाळचा ढग आमच्यापासून किती दूर असतो? त्याचा माथा चपटा का होतो? आणि रोज अर्धा-पाऊण तास पाहणाऱ्या आमच्यासारख्या दोघींनी वहीत कशाची नोंद ठेवावी?

निवृत्त निरीक्षक (पुणे), १५ मे, सकाळी ७.०५

ताई, आपल्या सासूबाईंना लवकर आराम पडो. मी हवामान खात्यात निरीक्षक होतो आणि सकाळी साडेआठ व सायंकाळी साडेपाच या दोन वेळांना आभाळ पाहून नोंदवहीत आकडे भरणे हे माझे अनेक वर्षांचे काम होते. पुण्यात शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला जुने लोक अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, तिला ते नाव पडले कारण १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून तिथे आले. ढगांची रोजची नोंद हा त्या घराचा जुना रिवाज आहे, त्यामुळे आपला प्रश्न मला आपल्या घरातला वाटला.

आधी आपल्या गॅलरीविषयी. सूर्यास्त दिसत नाही याची हळहळ सोडून द्यावी, कारण मे महिन्यात पुण्यात ढग पाहण्यासाठी पूर्वेची गॅलरी हीच सर्वांत उत्तम जागा आहे. या दिवसांत वरच्या थरांतले वारे पुष्कळदा पूर्वेकडचे असतात, त्यामुळे वळवाचे ढग बहुधा दौंड-बारामतीच्या बाजूला तयार होऊन आपल्याकडे सरकतात. संध्याकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि ढग समोर, म्हणजे नाटकाच्या रंगमंचावर जसा प्रेक्षकांच्या डोक्यावरून प्रकाश पडावा तसा त्याच्यावर ऊन पडते. पश्चिमेची गॅलरी असलेल्या माणसाला त्याच वेळी उन्हाकडे तोंड करून बसावे लागते आणि ढगांची काळी बाजू पाहावी लागते.

आपण वर्णन केलेला ढग हा राशिमेघ आहे आणि वाढत वाढत तो राशिवर्षामेघ, म्हणजे गडगडाटी पावसाचा ढग होतो. शाळेच्या भूगोलात त्यालाच क्युम्युलोनिम्बस म्हणतात. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते, वर जाताना ती थंड होते आणि एका ठरावीक उंचीवर तिच्यातली वाफ थेंबांच्या रूपाने दिसू लागते. ढगांचे तळ सपाट आणि एका पातळीत असतात ते यामुळेच. ही पातळी आपण घरी बसून काढू शकता. मोबाइलवर हवामान पाहताना तापमानाबरोबर दवबिंदूही, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होऊ लागतात तो आकडाही, दिलेला असतो. दोहोंतल्या फरकाच्या प्रत्येक अंशाला १२५ मीटर धरावेत. तापमान ३७ आणि दवबिंदू १७ असेल, तर फरक २० अंशांचा, म्हणून ढगाचा तळ सुमारे अडीच हजार मीटरवर. पावसाळा जवळ येईल तसा हा फरक कमी होत जातो आणि ढगांचे तळ आठवड्या-आठवड्याने खाली उतरतात. मृग नक्षत्र लागेपर्यंत ही एकच गोष्ट वहीत टिपलीत, तरी मोसमी वारे जवळ येत असल्याचे आपल्याला आकड्यांतून दिसेल.

माथा चपटा होण्याचे कारण असे की, वर चढणारी हवा अशा थरापर्यंत पोहोचते जिथे उंचीबरोबर तापमान घटायचे थांबते. तिथून पुढे तिला वर जाता येत नाही, म्हणून ती छताला लागलेल्या धुरासारखी आडवी पसरते. मेमध्ये आपल्याकडे हे छत १६-१७ किलोमीटरवर असते; सगळे ढग तिथवर जात नाहीत, पण १२ किलोमीटरपर्यंत पोहोचणारे पुष्कळ असतात. या पसरलेल्या आकाराला लोहाराच्या ऐरणीवरून ऐरण म्हणतात. ऐरण होण्याच्या थोडे आधी फुलकोबीच्या टणक कडांकडे बारकाईने पाहा. त्या हळूहळू मऊ, रेशमाच्या सुटलेल्या धाग्यांसारख्या होऊ लागतात. त्या क्षणी त्या उंचीवरचे पाणी गोठून त्याचे बर्फाचे कण होत असतात, आणि इतक्या दूर बसून पाणी गोठताना पाहायला मिळते ही गोष्ट मला नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत विलक्षण वाटत राहिली. रात्रीच्या केशरी माथ्याचे कारणही उंचीच आहे. आपल्यासाठी सूर्य मावळला तरी बारा किलोमीटर वर असलेल्याला तो आणखी काही मिनिटे दिसत राहतो.

आता अंतर. हात पूर्ण लांब करून मूठ उभी धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. ऐरणीचा माथा क्षितिजापासून एका मुठीएवढा वर दिसत असेल आणि त्याची उंची १२ किलोमीटर धरली, तर तो ढग सुमारे ७० किलोमीटर दूर, म्हणजे दौंडच्या आसपास आहे. दोन मुठी असेल तर निम्म्या अंतरावर. मेघगर्जना साधारण पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही, म्हणून आपल्याला वीज दिसते आणि आवाज येत नाही. ज्या दिवशी आवाज येईल, त्या दिवशी वीज चमकल्यापासून सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. मात्र गडगडाट ऐकू आला की गॅलरीतून आत यावे, पलंग दारापासून मागे घ्यावा आणि दार लावून घ्यावे. गॅलरीला लोखंडी कठडा असतो, त्यामुळे याबाबतीत हयगय करू नये.

वहीचे म्हणाल, तर आम्ही आभाळाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती भाग झाकलेले आहेत हे लिहीत असू. शून्य म्हणजे निरभ्र आणि आठ म्हणजे पूर्ण झाकलेले. अंदाज चुकू नये म्हणून आधी आकाशाचे चार चतकोर करावेत, प्रत्येकात किती ढग आहेत ते पाहावे आणि मग बेरीज करावी. आपल्याला आकाशाचा एक तुकडाच दिसतो, तर त्या तुकड्याचे आठ भाग करा. त्यानंतर ढग कोणत्या दिशेने येतो आहे ते लिहा. आमच्याकडे दिशा नेहमी ढग जिकडून येतो ती लिहीत, जातो ती नव्हे. आकाशात लहान लहान गोळ्यांची पाखरण दिसली, तर ती क्षितिजापासून तीन मुठींपेक्षा वर असताना हात लांब करून बोटे आडवी धरावीत. एकेक गोळा करंगळीच्या जाडीपेक्षा लहान असेल तर ढग फार उंचावरचा, तंतुराशिमेघ. करंगळीपेक्षा मोठा पण तीन बोटांत झाकला जाणारा असेल तर मधल्या थरातला. तीन बोटांतही मावत नसेल तर खालचा.

हे सगळे झाल्यावर माझी एक विनंती आहे आणि ती खात्याच्या कोणत्याही नियमात नाही. रोज एकच ढग निवडा. मोठा नको, सकाळी अकरा-बाराच्या सुमारास निळ्या आभाळात जे हातरुमालाएवढे तुकडे उमटतात, त्यांतला एक. तो पहिल्यांदा दिसला ती वेळ लिहा आणि तो पूर्ण नाहीसा होईपर्यंत नजर हलवू नका. पुष्कळ तुकडे पाव तासही टिकत नाहीत. ज्यांनी आयुष्यभर ढग पाहिले त्यांनीही एखादा ढग सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्वचितच पाहिलेला असतो, कारण मध्येच दुसरा अधिक देखणा ढग खुणावतो. नावांचे फार मनावर घेऊ नका. ती आपोआप येतील. आज जगभर वापरली जाणारी नावे ज्याने १८०२ साली मांडली, तो ल्यूक हॉवर्ड लंडनमध्ये औषधांची रसायने बनवण्याचा व्यवसाय करणारा माणूस होता आणि ढग हा त्याचा छंद होता.

लोकलची खिडकी (ठाणे), १५ मे, दुपारी १.४८

काकांची माहिती मोलाची आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, तरीही मी ताईंना वही ठेवू नका असे सांगेन. मी दिवसभर कार्यालयात आकडेच भरते. संध्याकाळी परतताना खिडकीशी जागा मिळाली तर ठाण्यापर्यंतची ती पंचवीस-तीस मिनिटे मी ढग पाहते, आणि दिवसभरातला तेवढाच वेळ असा असतो की ज्याचा हिशेब मला कुणाला द्यायचा नसतो. मुलगा लहान असताना माझ्या मांडीवर बसून त्याला ढगांत उंट, हत्ती, पाठमोरी आजी दिसायची. तो आता तेरा वर्षांचा आहे आणि शेजारी बसून मोबाइल पाहतो. परवा मात्र त्याने मान वर करून ‘आई, तो बघ, रिक्षा’ म्हटले आणि खरोखरच ती रिक्षा होती, तिचे पुढचे चाकसुद्धा. स्थानक येईपर्यंत रिक्षेचा बोळा झाला. मी हे कुठेही लिहिले नाही आणि तरी मला ते विसरता येत नाही. सासूबाईंजवळ नुसते बसा, ताई.

माळावरचा मास्तर (माण तालुका, जि. सातारा), १५ मे, रात्री १०.३०

वरचे तिन्ही लेख दोनदा वाचले. मी प्राथमिक शिक्षक आहे, घरची सहा एकर कोरडवाहू शेती आहे आणि वडिलांनी तरुणपणी मेंढरे राखलेली आहेत. त्यामुळे आमच्या घरात ढगांकडे पाहणे रोजचे आहे, पण त्याला आनंद म्हणावे असे मला पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. आमच्याकडे म्हण आहे, ‘न पडतील मघा, तर ढगाकडे बघा’. तिच्यातले ढगाकडे बघणे हे हात टेकल्यानंतरचे बघणे आहे.

आमच्या भागात जून ते सप्टेंबर आभाळात ढग नाहीत असा दिवस विरळा. ते पश्चिमेकडून येतात, डोक्यावरून धावतात आणि पूर्वेकडे निघून जातात. महाबळेश्वर आमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्रीची भिंत चढताना थंड होते आणि आपले पाणी तिथेच टाकते. भिंत ओलांडून ती खाली उतरू लागली की पुन्हा तापते, आणि तापलेल्या हवेत थेंब टिकत नाहीत. हे मी दरवर्षी चौथीच्या वर्गाला फळ्यावर चित्र काढून शिकवतो आणि खिडकीबाहेर त्याच वेळी ते ढग पळत असतात.

मला ढगांची गोडी लागली ती त्यांच्या सावल्यांमुळे. आमचा माळ उघडा आहे, झाड नाही, घर नाही. जुलैत दुपारी शाळा सुटल्यावर मी पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो. पाठीमागून सावलीची कड येते, आधी मानेवरचे ऊन जाते, मग पुढची पायवाट काळसर होते आणि पाच-सात पावलांच्या आत ती कड आपल्याला ओलांडून पुढे निघते. वर पाहिले तर ढग संथ वाटतो. सावली मात्र मेंढरे सोडून पळणाऱ्या कुत्र्यासारखी जाते. आमच्या रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. मुलांना दोन दगडांजवळ उभे केले आणि सावली पहिल्या दगडापाशी आली की हात वर करायला सांगितले. सव्वा मिनिटात ती दुसऱ्या दगडाशी पोहोचली, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. ज्या मुलांना भागाकार नकोसा वाटे, त्यांनी त्या आठवड्यात सोळा ढगांचे भागाकार केले.

ताई, आपल्या मजल्यावरून समोरच्या इमारतींवर सावली सरकताना दिसत असणार. कोणत्या इमारतीवर ती आधी येते आणि मग कोणत्या, एवढे लिहिले तरी ढग किती वेगाने चालला आहे ते कळेल. लोकलच्या खिडकीतल्या ताईंचे म्हणणे मला पटते, पण पूर्ण नाही. वडिलांनी कधी काही लिहिले नाही आणि त्यांना जे दिसत होते त्यातले मला फार थोडे ठाऊक आहे. चंद्राला खळे पडले की ते मेंढरांची जागा बदलायचे, हे आठवते. खळे केवढे असले म्हणजे, आणि किती दिवसांनी पाऊस यायचा, हे विचारायला आता ते नाहीत. आपल्या सासूबाई शेजारीच आहेत. त्यांना विचारून लिहा.

ढगातले घर (महाबळेश्वर), १६ मे, सकाळी ८.१५

थोडेसेच लिहिते. आम्ही जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ढगाच्या आत राहतो. इथे ढग पाहण्यासाठी मान वर करावी लागत नाही. दार उघडे राहिले तर तो स्वयंपाकघरात येतो. आकार काहीच दिसत नाही. समोरचे जांभळीचे झाड दिसते, मग त्याचे खोड तेवढे दिसते, मग तेही नाही. ढगाचा एक थेंब केवढा असतो ते पाहायचे असेल तर कुंपणावरचे कोळ्याचे जाळे पाहावे. एकेक थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा, डोळ्यांना वेगळा न दिसणारा, पण जाळ्यावर ते एकमेकांत मिसळून टपोरे मणी होतात. पावसाच्या एका चांगल्या थेंबाला असे सुमारे दहा लाख लागतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांवरची प्रयोगशाळा २०१२ पासून इथेच आहे, कारण इथे उपकरण ढगापर्यंत न्यावे लागत नाही. ताई, पावसाळ्यात सासूबाईंना बरे वाटले तर एक दिवस घेऊन या. स्वेटरच्या बाहीवर बसलेले ढगाचे थेंब त्यांना जवळून दिसतील.

पूर्वेची गॅलरी (पुणे), १६ मे, रात्री ९.००

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुठीने मोजून पाहिले. आज ऐरण बरोबर एक मूठ आणि एक बोट वर होती. मास्तर, आपण लिहिलेल्या खळ्याविषयी सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, खळे नेहमी एवढेच असते, आणि त्यांनी हात लांब करून वीत ताणून दाखवली.

एक अडचण आहे. काकांनी सांगितलेले अकरा-बाराचे छोटे ढग फार वर असतात. पलंगावरून सासूबाईंना गॅलरीच्या छताखालचा आकाशाचा पट्टाच दिसतो आणि त्यांना मान उचलता येत नाही. यावर काही उपाय आहे का?

निवृत्त निरीक्षक (पुणे), १७ मे, सकाळी ६.५०

सासूबाईंची वीत अगदी बरोबर आहे. चंद्रापासून खळ्यापर्यंतचे अंतर २२ अंश असते आणि लांब केलेल्या हाताची ताणलेली वीत जवळजवळ तेवढीच भरते. उंचावरच्या पातळ ढगातले बर्फाचे षटकोनी कण प्रकाश त्याच कोनात वळवतात, म्हणून खळे लहान-मोठे होत नाही.

उपाय आहे, आणि तो आमच्याच कामातला आहे. ढगांची दिशा मोजण्यासाठी पूर्वी वेधशाळांत काळ्या काचेचा एक गोल आरसा असे. तो सपाट ठेवून त्यात खाली पाहिले की मान न वाकवता ढग सरकताना दिसत. आपण जुन्या फोटोच्या चौकटीची काच घ्या, साधारण दीड फुटाची, आणि तिच्या पाठीला काळा कागद लावा. साधा आरसा फार चकाकतो. काळ्या काचेत उजेड मंद होतो आणि ढगांच्या कडा उठून दिसतात. ही काच कठड्याच्या आत, पलंगापेक्षा थोड्या खाली, स्टुलावर ठेवा आणि तिची कठड्याकडची कड वीतभर उचला. पलंगावरून तिच्यात पाहिले की बरेच वरचे आकाश दिसेल. स्टूल पक्के बांधावे आणि सूर्य काचेत येत असेल त्या वेळी ती झाकून ठेवावी. काळ्या काचेतूनही सूर्याकडे पाहू नये.

पूर्वेची गॅलरी (पुणे), २१ मे, रात्री ९.४५

काच बसवली. लग्नातल्या एका मोठ्या फोटोची चौकट माळ्यावर होती, तिची काच काढली आणि पाठीला मुलाच्या प्रकल्पाच्या वहीतला काळा कागद चिकटवला. दोन दिवस कोन जमत नव्हता. अखेर कठड्याकडच्या कडेखाली पोळपाट उभा केला आणि जमले. ऊन उतरून काच सावलीत आली की तिच्यावरचे फडके काढायचे असे ठरवले आहे. आजचे पान जसेच्या तसे देते.

‘गुरुवार. १२.४०. दिसणाऱ्या आभाळाचे आठात दोन. तापमान ३६, दवबिंदू १९, तळ सुमारे २१०० मीटर. १२.४६ ला काचेच्या वरच्या कडेशी चिंचोका एवढा पांढरा डाग. सासूबाईंनी आधी पाहिला. १२.५० ला हाताच्या पंजाएवढा, खालची बाजू राखाडी. काचेत तो पलंगाच्या दिशेने सरकतो आहे, म्हणजे खरोखर आमच्याकडेच येतो आहे. १२.५४ ला मधोमध भोक पडले आणि त्यातून निळे दिसू लागले. शेजारी एक फार मोठा ढग आला, त्याच्याकडे पाहिले नाही. १२.५८ ला दोन चिंध्या. डावी आधी गेली. १.०१ ला उजवीची एक दशी उरली. १.०२ ला सासूबाई म्हणाल्या, “गेला”. मला अजून दिसत होता. १.०३ ला मलाही दिसेना. एकूण सतरा मिनिटे.

५.१५. पूर्वेला फुलकोबी, दोन मुठी. ५.४० ला कडा मऊ झाल्या. सासूबाईंच्या मते पिंजलेल्या कापसाला वारा लागल्यासारख्या. ६.०५ ला समोरच्या पिवळ्या इमारतीवर सावली, ६.०६ ला आमच्यावर. पहिला गडगडाट ६.१०, वीज चमकल्यापासून तीस सेकंद, दहा किलोमीटर. काच आत घेतली, पलंग मागे घेतला, दार लावले. ६.२२ ला धुळीचा गार वारा, दाराच्या फटीतून मातीचा वास. ६.२६ ते ६.५५ वळीव.’

सातच्या पुढे गडगडाट थांबून अर्धा तास झाल्यावर मी दार उघडले. पाऊस पश्चिमेकडे निघून गेला होता, पण ढगाचा पसरलेला भाग अजून आमच्या डोक्यावर होता आणि त्याच्या खालच्या बाजूला गोल गोल फुगवटे लोंबत होते, पितळी घागरी उलट्या टांगून ठेवाव्यात तसे, ओळीने, आणि दूरच्या उजेडाने त्यांची एक एक बाजू तांबूस झाली होती. पाच-सहा मिनिटांत रंग गेला आणि मग फुगवटेही दिसेनासे झाले. सासूबाईंनी असे आधी दोनदाच पाहिले आहे म्हणतात, दोन्ही वेळा उन्हाळ्यातच, खळ्यावर धान्य असताना. काका, हे काय होते? वहीत त्याच्यासाठी अर्धे पान कोरे ठेवले आहे.